विश्लेषण : भंगारात जाण्याआधी माप घ्या! शर्यतीच्या जुन्या फियाटचे अचूक मॉडेल कसे बनते?

ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपल्याने मुंबईतील अखेरची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या वेळी पानभर फोटो छापून आले. याच गाडीचे दुसरे रूप मात्र फार थोड्यांच्या लक्षात आहे. बंपर काढलेली, जमिनीलगत बसवलेली, दारावर पांढऱ्या गोलात क्रमांक रंगवलेली शर्यतीची फियाट. अशा गाडीचे अचूक लघुरूप बनवणे हा छंद आहे, तशीच ती इतिहासाची नोंदही आहे. जळगाव-धुळ्यात ही नोंद करता येईल का, आणि आताच का करायला हवी, याविषयी…

‘स्टॉक कार’ म्हणजे काय?

स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला असलेला माल. शोरूममध्ये कोणालाही विकत मिळते ती गाडी घेऊन लावलेली शर्यत म्हणजे स्टॉक कार शर्यत. अमेरिकेत ‘नासकार’ या संस्थेने १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ गटाची पहिली शर्यत घेतली. अंतिम रेषा सर्वात आधी ओलांडली ग्लेन डनवे यांच्या फोर्डने. पण तपासणीत मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार केल्याचे आढळले. चोरट्या दारूचा भार वाहताना गाडी मागून बसू नये म्हणून त्या काळी अशी करामत केली जाई. डनवे बाद झाले आणि लिंकन चालवणारे जिम रोपर विजेते ठरले.

मॉडेल बनवणाऱ्यासाठी या किश्श्यात मोठा धडा आहे. शर्यतीची गाडी आणि घरची गाडी यांच्यातला फरक बहुतेक वेळा नजर जाणार नाही अशा जागी असतो. चकाचक रंग आणि अचूक क्रमांक असलेल्या मॉडेलखाली मूळ गाडीच्या स्प्रिंगा असतील, तर ते मॉडेल सुंदर आहे, पण खरे नाही.

आपल्याकडची स्टॉक कार कोणती?

भारतात ‘नासकार’ नव्हते. पण तत्त्व तेच होते. आयात गाड्या मोजक्यांनाच परवडत, म्हणून देशात बनणाऱ्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि स्टँडर्ड हेराल्ड याच गाड्या सुधारून शर्यतीत उतरवल्या गेल्या. मुंबईत जुहूची धावपट्टी आणि मद्रासजवळ शोलावरमची दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टी ही या शर्यतींची ठिकाणे. १९९० मध्ये श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे खास शर्यतींचा ट्रॅक सुरू झाला आणि शोलावरमचा काळ मागे पडला.

यातली फियाट तर महाराष्ट्राचीच. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकापासून फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या गोलसर अंगामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ केले. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७४ मध्ये तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. शर्यतीसाठी ही गाडी तयार करताना वजन उतरवणे, गाडी खाली घेणे, कार्ब्युरेटर बदलणे, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवणे असे बदल होत. ते गॅरेजगणिक वेगळे असत. त्यामुळे ‘शर्यतीची फियाट’ असे एकच मॉडेल नसते. अमुक साली, अमुक शर्यतीत उतरलेली एक विशिष्ट गाडी असते. मॉडेलचे काम तिथूनच सुरू होते.

अचूक म्हणजे किती अचूक?

मोटारींच्या मॉडेलमध्ये १:२४ आणि १:२५ ही प्रमाणे रूढ आहेत. दोन्ही सारखीच वाटतात, पण हिशेब करून पाहा. डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांतले अंतर, म्हणजे व्हीलबेस, २३४० मिलिमीटर राहिला. १:२४ मध्ये तो ९७.५ मिलिमीटर होतो, तर १:२५ मध्ये ९३.६. फरक जेमतेम चार मिलिमीटरचा; मात्र खऱ्या गाडीवर तो सव्वानऊ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरतो. एका प्रमाणाचे बॉडीशेल आणि दुसऱ्या प्रमाणाची चाके जोडली की गाडी ‘कशीतरीच’ दिसते, ती यामुळे.

काही गोष्टी मात्र प्रमाणात उतरवताच येत नाहीत. दाराच्या फटी पाच मिलिमीटरच्या धरल्या तर मॉडेलवर त्या ०.२ मिलिमीटरच्या हव्यात. मॉडेलवर रंगाचा ०.०५ मिलिमीटरचा थर चढला, तर तो खऱ्या गाडीवर १.२ मिलिमीटर जाडीचा लेप होईल. म्हणजे रंग जरा जास्त झाला की फटी बुजल्याच. म्हणून अनुभवी कारागीर फटी आधीच किंचित खोल आणि रुंद कोरतात. रेझिन थ्रीडी प्रिंटरवर ०.०५ मिलिमीटरचे थर मिळतात. तरी त्यांच्या पायऱ्या घासून काढाव्याच लागतात. यंत्र आले म्हणून पॉलिश पेपर सुटत नाही.

माप आणायचे कुठून?

पहिला स्रोत म्हणजे खरी गाडी. शर्यतीची मूळ गाडी मिळाली नाही, तरी त्याच वर्षाची साधी गाडी बॉडीशेलची मापे देते. दुसरा स्रोत शर्यत-संघटनांचे मान्यतापत्रक. त्यात व्हीलबेस, वजन, गिअरचे गुणोत्तर, कार्ब्युरेटर अशा नोंदी असतात. तिसरा स्रोत जुने फोटो.

फोटोवरून माप काढायची रीत सोपी आहे. गाडी बरोबर बाजूने दिसणारा फोटो घ्यायचा. समजा, त्यात दोन चाकांच्या केंद्रांत ९३६ पिक्सेल आहेत. व्हीलबेस २३४० मिलिमीटर, म्हणजे एक पिक्सेल अडीच मिलिमीटरचा. आता जमिनीपासून दाराची खालची कड ६० पिक्सेलवर असेल, तर ती १५० मिलिमीटरवर आहे. हेच माप साध्या गाडीवर घेतले की शर्यतीची गाडी किती खाली घेतली होती, हे कळते.

इथे एक चूक हमखास होते. व्हीलबेसऐवजी ‘१४ इंची रिम’ प्रमाण धरली जाते. १४ इंच हा टायर जिथे बसतो त्या कडेचा व्यास आहे. फोटोत दिसणारी रिमची बाहेरची कड त्याहून मोठी असते. प्रमाणच चुकले की पुढचे प्रत्येक माप चुकते. शिवाय फोटो तिरका असेल, तर जवळचे चाक मोठे दिसते. एका फोटोवर विश्वास नको. निदान तीन हवेत.

आठवणी हा चौथा स्रोत, आणि सर्वात फसवा. ‘गाडी लाल होती’ असे सांगणाऱ्याने ती कृष्णधवल फोटोतच पाहिलेली असू शकते. डुक्कर फियाटची पुढची दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली होती. ‘डुक्कर’ म्हणून सांगितलेल्या गाडीचे पुढचे दार फोटोत नेहमीसारखे उघडताना दिसले, तर आठवणीतले साल किंवा मॉडेल चुकले आहे, हे समजावे.

जळगाव-धुळ्यात हे जमेल का?

साहित्याची अडचण फार मोठी नाही. जळगावच्या एमआयडीसीत पाइप आणि चटईच्या कारखान्यांमुळे प्लॅस्टिकची ओळख घराघरात आहे. ५.२०-१४ या मूळ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६० सेंटिमीटर. १:२४ मध्ये तो २५ मिलिमीटरच्या आसपास येतो. २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची चकती लेथवर किंचित उतरवली की टायरचा साचा तयार. जाळीच्या आणि क्रोम पट्ट्यांच्या बारीक कामाला जळगावच्या सराफ बाजारातली हत्यारे उपयोगी पडतात. केसासारखी करवत, कानशी, तार बारीक करायची भोकांची पोलादी पट्टी. जी हत्यारे नथ घडवतात, ती रेडिएटरची जाळीही घडवू शकतात.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. या रस्त्यांनी पोसलेल्या गॅरेजांत फियाटचे इंजिन हाताखालून गेलेले मिस्त्री अजून भेटतात. कार्ब्युरेटर कुठल्या बाजूला, सायलेन्सरची नळी कुठून वळते, हे त्यांना ड्रॉइंगशिवाय सांगता येते. त्यांचे म्हणणे फोटोशी ताडून पाहावे, पण आधी नोंदवून घ्यावे.

खरी परीक्षा हवामान घेते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा फवारलेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकू लागतो आणि मॉडेल खरखरीत होते. पावसाळ्यात उलटे. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात भल्या पहाटे, पावसाळ्यात उघडीप पाहून, आणि शक्य तर हिवाळ्यातच रंगकाम करावे, हे उत्तम.

मग घाई कशासाठी?

कारण मूळ गाड्या संपत आहेत. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण २०२१ मध्ये आले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. वारसा जपण्याच्या दृष्टीने हे पाऊल चांगलेच.

पण त्यात एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. साध्या गाडीसाठी ही अट रास्त आहे. शर्यतीच्या गाडीचा इतिहास मात्र नेमका त्या फेरफारातच असतो. कापलेला पत्रा, आत बसवलेला पिंजरा आणि बदललेले इंजिन हीच तिची ओळख. म्हणजे जी गाडी जपायला हवी, तीच नियमाच्या चौकटीबाहेर राहण्याची शक्यता अधिक. व्हिंटेज क्रमांकासाठी मालकाने तिला पुन्हा ‘मूळ’ केले, तर शर्यतीच्या खुणा जातात. तसे केले नाही आणि गाडी गोडाऊनमध्ये पडून राहिली, तर शेवटी भंगारवाला येतो. नियमात शर्यतीच्या जुन्या गाड्यांसाठी पुराव्यावर आधारित वेगळा गट हवा, ही मागणी म्हणूनच योग्य ठरेल. तोवर हाती एकच उपाय आहे : गाडी जाण्याआधी तिचे माप घेऊन ठेवणे.

हे काम कोणी करायचे?

उत्तर खान्देशातच आहे. जळगाव आणि धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थी संगणकावर थ्रीडी आराखडे काढायला शिकतात. बहुतेकांचे पहिले आराखडे पुस्तकातल्या काल्पनिक ब्रॅकेटचे असतात. त्याऐवजी एका जुन्या गाडीचे माप हा प्रकल्प का नको? लागते ते थोडेच. टेप, ओळंबा, व्हर्निअर, मोबाइलवरचे फोटो आणि मालकाची परवानगी. त्यातून तीन गोष्टी जमा व्हाव्यात : मापांसह आराखडा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि गाडी कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद. मॉडेल त्यानंतर. मॉडेलमध्ये चूक राहिली, तर आराखड्यावरून ती पुढच्या कोणालाही सुधारता येईल. आराखडा नसेल, तर तीच चूक इतिहास होऊन बसेल.

धुळ्याला ही शिस्त नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून माळ्यावरची, अडगळीतली दप्तरे गोळा केली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यांचे निधन धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाले, आणि त्यांनी जमवलेले धन जपण्यासाठी जानेवारी १९२७ मध्ये इथे संशोधन मंडळ उभे राहिले. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद शोधा, हा त्यांचा आग्रह होता. ज्यांना तेव्हा रद्दी म्हटले गेले, त्या कागदांवर आज इतिहास उभा आहे.

गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट हाही असाच एक कागद आहे. तिच्या मालकाला ती विकायची असेल, तर जरूर विकावी. फक्त भंगाराचा काटा लावण्याआधी एक दिवस टेप लावू द्यावी.