गाडीचे पाणी जाते कुठे?



आमच्या वस्तीत कितीतरी घरांची चूल गाडीच्या चाकावर पेटते. कोणाची टॅक्सी, कोणाचा टेम्पो. गाडी चार दिवस उभी राहिली की बँकेचा हप्ता थकतो. म्हणून आज जरा वेगळा विषय घेत आहोत.

गेल्या महिन्यात एका टॅक्सीवाल्या बांधवाच्या गाडीतले कुलंट दर दोन-तीन दिवसांनी कमी होऊ लागले. जमिनीवर एक थेंब नाही, पण चढाला काटा वर जायचा. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून उभ्या उभ्याच सांगितले, "हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल." आकडा ऐकून त्यांनी मुलीच्या डिप्लोमाच्या फीचे पैसे काढायचे ठरवले. शेजारच्या एकाने तर लिंबू-मिरची बांधायला सांगितली! १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या नातवांना हे सुचावे?

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते गॅरेजवाल्याच्या शब्दालाही लागू आहे.

आम्ही पडलो कारकून. विहारात नेमाने येणारे एस.टी.च्या कार्यशाळेतले एक निवृत्त फिटर काका आहेत, त्यांना घेऊन गेलो. सकाळी, इंजिन गार असताना. गरम इंजिनाचे रेडिएटरचे टोपण कधीच उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते.

काका म्हणाले, "पाणी एकतर बाहेर जाते, नाहीतर आत जाते. आधी आत बघू." ऑईलचे टोपण काढले. आत दुधाळ साय नव्हती, पट्टीवरचे ऑईलही स्वच्छ. टोपण काढूनच गाडी चालू केली. रेडिएटरच्या तोंडाशी सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. गॅस्केट फुटले असते तर ते येतच राहतात. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर आला नाही. पायाखालची चटई कोरडी, म्हणजे हीटरही शाबूत.

मग ओळखीच्या ठिकाणाहून दाब तपासायचा हातपंप आणला. इंजिन पुन्हा गार होऊ दिले, टोपणाच्या जागी पंप बसवून टोपणावर छापलेल्या आकड्याइतकाच, साधारण १ बार, दाब दिला. काटा हळूहळू उतरू लागला. काकांनी बॅटरी आणि छोटा आरसा घेतला. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की पाणी तिथून पाझरते. तिथे वाळलेल्या कुलंटचा पांढरट थर होता आणि त्यावर एक ताजा थेंब. चालत्या गाडीत ते पाणी गरम लोखंडावर पडून सुकत होते, म्हणून जमीन कोरडी!

नवा पंप बसला. खर्च आलाच, पण इंजिन खोलावे लागले नाही आणि फी वेळेवर भरली गेली. गॅरेजवाला लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. तो न बघता बोलला. उद्या एखाद्याच्या गाडीत खरेच ऑईल दुधाळ दिसले, तर मात्र ती एक मैलही चालवू नये.

माताभगिनींसाठी एक गोष्ट. काढलेले कुलंट थंडपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. ते चवीला गोड असते, पण जहर आहे. घरात लेकरे असतात.

येत्या रविवारी वंदनेनंतर काका विहाराच्या आवारात तरुण ड्रायव्हरांना हे सारे प्रत्यक्ष दाखवणार आहेत. येताना हात पुसायला एक जुने फडके आणावे.