विद्येला वयाचें कुंपण

विद्येला वय नसतें, असें आपण भाषणांतून व निबंधांतून वारंवार ऐकतों. परंतु महाविद्यालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या विद्यार्थ्याचे केस जरा पिकलेले दिसले, कीं तेंच वचन विसरून आपण त्याच्याकडे टकमक पाहूं लागतों. आमच्या शाळेंतील विद्यार्थी थोड्याच दिवसांत निरनिराळ्या महाविद्यालयांत जातील. तेथें त्यांनीं या बाबतींत कसें वागावें, याविषयीं दोन शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

आमच्या महाविद्यालयीन दिवसांतील गोष्ट आहे. आमच्या वर्गांत चाळिशी उलटलेल्या एक बाई येत. संसारामुळें अर्धवट राहिलेलें शिक्षण त्यांना पुरें करावयाचें होतें. पहिल्याच आठवड्यांत कोणीं तरी त्यांचें नांव ‘आजीबाई’ ठेविलें. हजेरीच्या वेळीं मागच्या बांकांवरून मुद्दाम खोकल्याचा आवाज निघे. स्नेहसंमेलनाची वर्गणी त्यांच्याकडून घेतली; पण नाटकांत किंवा वादसभेंत त्यांना कोणीं बोलाविलें नाहीं. दिवाळीच्या सुटीनंतर त्या परत आल्याच नाहींत. त्यांना कोणीं घालवून दिलें नव्हतें. आम्ही फक्त हसलों होतों. तें हसूं आम्हांस आजही बोचतें.

वयाचा हा काच केवळ प्रौढांनाच होतो असें नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं कोंकणांतील मुरुडाहून सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास परीक्षेसाठीं गेले. त्यांस सतरा वर्षें पुरीं झालीं होतीं. परंतु ते तेवढे मोठे दिसत नाहींत, असें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पुढें १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले, तेव्हां त्यांस तेविसावें वर्ष उलटलें होतें. लहान म्हणून एकदां परत पाठविलेल्या याच पुरुषानें १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. त्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले यांनीं तर वैधव्यानंतर शिक्षणास आरंभ केला, आणि १९१८ सालीं, पंचेचाळिशी उलटल्यावर, त्या इंग्रजी शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या.

आज नियमांची कुंपणें पुष्कळ सैल झालीं आहेत. १९८९ सालीं नाशिक येथें निघालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानें शिक्षण सुटलेल्या प्रौढांना पदवीची वाट मोकळी केली. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ सालीं काढून टाकण्यांत आली. ठाणें जिल्ह्यांतील फांगणें गांवीं २०१६ सालीं वृद्ध स्त्रियांसाठीं शाळा निघाली. तिला ‘आजीबाईंची शाळा’ असेंच म्हणतात. आम्हीं जो शब्द टोचण्यासाठीं वापरला, तोच तेथें मानाचा झाला.

कोणी विचारील, मग वयाचा नियम मुळींच असूं नये काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. क्रीडास्पर्धांत वयोगट असावे; अज्ञान मुलांच्या वसतिगृहांत प्रौढांस ठेवूं नये. ज्या नियमास रास्त कारण आहे तो असो. परंतु केवळ ‘असें चालत आलें आहे’ म्हणून शिष्यवृत्तीवर, वादसभेवर किंवा वाचनालयावर वयाची पाटी लावणें अन्यायाचें आहे.

आणि नियमापेक्षां रीत अधिक बलवान् असते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, वडील सहाध्यायास त्याला आवडेल त्याच नांवानें हांक मारा. गटांत घेतांना त्याला शेवटीं ठेवूं नका. त्याला संगणक येत नसेल असें गृहीत धरूं नका. तरुण अध्यापकाचें वय न पाहतां त्याचें शिकविणें पाहा. कोणाची टवाळी चालली असेल, तर निदान तुम्ही त्यांत हसूं नका.

पालकांसही आमची एक विनंति आहे. घरांतील कोणा आईनें सुटलेलें पुस्तक पुन्हां उघडलें, तर ‘आतां या वयांत कशाला?’ हा प्रश्न तिला घरच्यांनींच प्रथम विचारूं नये. तो प्रश्न मुलें ऐकत असतात, आणि उद्यां महाविद्यालयाच्या मागच्या बांकावर बसून तेंच बोलतात.