आज पाळी कोणाची?

मित्रमंडळींना घरी जेवायला बोलवायचं आणि घरातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं रांधायचं, असं म्हटलं की एक शेरा हमखास येतो: ‘घराची खानावळ करून ठेवलीय!’ प्रेमानं करायच्या गोष्टीला पाळ्या लावल्या म्हणजे घरपण गेलं, असा त्यातला सूर. हा शेरा मारणाऱ्यांत लेखक-कवी कमी नसतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्या घरात स्वयंपाकाच्या पाळ्या नाहीत, तिथलं आतिथ्य कुणातरी एकीच्या मनगटावर उभं असतं, आणि ती कोण हे आपल्याला विचारावंही लागत नाही.

आधी खानावळीचं बघू. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार दाटीवाटीनं एकेका खोलीत राहत. बिऱ्हाड सामाईक, भाडं सामाईक, पण जेवणाची सोय बहुधा खानावळवाल्या बाईकडे. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे खानावळीत रांधण्याला निदान दर होता. ‘घरपणा’त तोही नाही. तेव्हा खानावळ ही शिवी म्हणून वापरण्याआधी जरा थांबावं.

मराठीत ‘पाळी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे क्रमानं येणारी वेळ, दुसरा म्हणजे बाईचा विटाळ. आपल्या कितीतरी घरांत बाईला चुलीपासून सुट्टी मिळायची ती याच दुसऱ्या पाळीमुळे. आणि ती सुट्टी नव्हती, हकालपट्टी होती. कावळा शिवला की चार दिवस बाहेर, पाचव्या दिवशी पुन्हा आत. पहिल्या अर्थाची पाळी स्वयंपाकघरात येऊच दिली नाही, म्हणून दुसरीला एवढं महत्त्व आलं.

पहिल्या अर्थाची पाळी मी पाहिली ती दिल्लीत, मुनीरकात. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही तिघी, खाली तिघे. मराठी, मल्याळम, मणिपुरी, बंगाली, मैथिली, तेलुगू. धड स्वयंपाकघर एकच. दर शनिवारी मित्रमैत्रिणी जेवायला येत, दहाबारा माणसं सहज होत. नियम तीन होते. जो रांधेल तो भांडी घासणार नाही. वर्गणी सगळ्यांची सारखी, पण पैसे भरून पाळी चुकवता येणार नाही. आणि महिनाअखेरीला घरात जे असेल त्यातूनच करायचं.

तिसऱ्या नियमानं आमच्याकडून खूप काही करून घेतलं. बंगाली मित्र दुधी भोपळ्याची सालंसुद्धा टाकू देत नसे. बारीक चिरून कलौंजीवर परतायचा. मासळीवाल्याकडून स्वस्तात मिळालेलं रोहूचं डोकं मुगाच्या डाळीत घालायचा, की पातेलंभर डाळीला माशाची चव. मल्याळी मैत्रीण आंबट झालेल्या ताकाची नारळ वाटून पुळिश्शेरी करी. मैथिली मित्राचं चोखा-भात. माझं अर्थात पिठलं, कारण दारात आणखी दोघं उभी राहिली तर ते पाण्यानं आणि मूठभर बेसनानं वाढतं. याला कुणी ‘जुगाड’ म्हटलं की मला राग येतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. हे पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब होतं, फक्त ते आता आयांच्या ऐवजी मुलांच्या हाती आलं होतं.

इथं दुसरा आक्षेप येतो: पण ‘आईच्या हातची चव’? तर ऐका. पाळी लावली की पदार्थ दुसऱ्याला सांगावा लागतो. ‘अंदाजानं’ म्हणून सुटता येत नाही. बेसन किती, पाणी किती, गुठळी मोडायची कशी, हे मोडक्यातोडक्या हिंदीत फोडून सांगावं लागतं. कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त १९७० साली तेच केलं. वाटी-चमच्यांचं माप दिलं आणि घराघरांतलं गुपित कुणालाही वाचता येईल असं केलं. तेलुगू मित्रानं माझं पिठलं केलं तेव्हा त्यात चिंच आली. ते पिठलं होतं का? होतं. मी भाषांतरकार आहे. मूळ हातातच अडकून राहिलेल्या गोष्टीचं मला फार कौतुक नाही.

पाळीची खरी परीक्षा मात्र वासाला होते. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली. बांबूचे कोंब, अखुनी असे उग्र वासाचे पदार्थ शेजारी गोंधळ होणार नाही अशा बेतानं करा, असा सल्ला तीत होता. मणिपुरी मैत्रिणीच्या शनिवारी एरोंबा असे. उकडलेल्या भाज्या, मिरच्या आणि नगारी ही आंबवलेली मासळी एकत्र कुस्करून. घरमालक जिन्यातून ओरडायचा. ‘हिच्या पाळीला आपण काहीतरी साधं करू’ असा तोडगा सुचवला गेला होता. तो मान्य केला असता तर आमची यादी कचऱ्यात गेली असती. कारण हे ‘साधं’ म्हणजे कुणाचं, हे आधीच ठरलेलं असतं. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीवरच्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे नाव उगीच दिलेलं नाही. ज्या पंगतीत काही वासांना जागा नाही, ती पूर्ण कशी?

आता आपल्याबद्दल, म्हणजे अनेक भाषा वाचणाऱ्यांबद्दल. आपण बहुभाषिकतेवर परिसंवाद घेतो, एकमेकांच्या कवितांची भाषांतरं वाचतो, आणि संध्याकाळी कुणा ज्येष्ठ लेखकाच्या घरी जेवायला जातो. बाहेरच्या खोलीत पाच भाषा चाललेल्या असतात. आतल्या खोलीत एकच आवाज असतो, कुकरच्या शिट्टीचा. पुस्तकाच्या मनोगतात शेवटून दुसऱ्या ओळीत पत्नीनं वेळोवेळी केलेल्या चहाचे आभार मानलेले असतात. कित्येकदा भाषांतरकाराचं नावही तसंच, मुखपृष्ठावर नाही, आतल्या पानावर बारीक टायपात. दोन्हीकडे समजूत एकच: हे काम प्रेमानं होतं, त्याला वेगळी नोंद कशाला?

नोंद हवी. फ्रिजवर चिकटवलेली, सहा नावांची, शनिवारच्या तारखा घातलेली. तीत रुसवेफुगवे असतील, कुणाचा भात लागेल. लागू दे.

पुढच्या परिसंवादानंतर जेवायला बसलात की यजमानांना एवढंच विचारा: आज पाळी कोणाची होती? उत्तरात वहिनींचं नाव आलं, तर पुढचा प्रश्नही विचारा. आणि काल?