विडी आणि सोबत

जव्हार-मोखाड्याचे नाव महाराष्ट्राच्या तोंडी आले ते भुकेमुळे. १९९२-९३ साली वावर-वांगणी भागातील बालमृत्यूंच्या बातम्या शहरांत पोचल्या आणि डोंगराआड काय चालले आहे याची राज्याला जाणीव झाली. १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. योजना आल्या, जिल्हा आला. भर पावसाळ्यात कणगीचा तळ दिसणे मात्र अनेक पाड्यांवर संपलेले नाही. अशा मुलखात विडी सोडण्याचा विषय काढला की चळवळीतील साथी बहुधा अस्वस्थ होतात. आधी पोटाचे पाहू, व्यसनाचे मागाहून, असा त्यांचा आक्षेप असतो. तो प्रामाणिक आहे. गरिबाच्या माथी दोष मारून मोकळे होणाऱ्या सुखवस्तू नीतिमत्तेचा राग त्यामागे आहे, आणि तो राग योग्यच आहे. परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे : पोट वेगळे आणि विडी वेगळी. वावरच्या मजुराच्या आयुष्यात ती वेगळी नाहीत.

तंबाखूतील निकोटीन भूक मारते. सकाळी कोरा चहा आणि विडी यांच्यावर निघालेला माणूस दुपारपर्यंत काम रेटू शकतो, कारण पोटाची हाक त्याला नीट ऐकूच येत नाही. दिवाळीनंतर या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि इमारतींच्या कामांवर जातात. तेथे विडीला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. नुसता बसलेला मजूर मुकादमाच्या डोळ्यांत खुपतो. विडी पेटवून बसलेला मजूर तितका खुपत नाही. विडी संपेपर्यंतचा वेळ हा त्याचा हक्काचा विसावा असतो. विश्रांतीचा हक्क ज्याला कोणत्याही कायद्याने प्रत्यक्षात मिळवून दिला नाही, त्याने तो धुराच्या मोबदल्यात मिळवला आहे. तेव्हा विडी म्हणजे केवळ खोड असे समजून तिच्याशी लढता येणार नाही. ती भाकरीची जागा घेते, विसाव्याची जागा घेते आणि या दोहोंची किंमत माणसाच्या छातीतून वसूल करते.

ही किंमत थोडी नाही. सिगारेटच्या मानाने विडी लहान, तंबाखू थोडा, म्हणून अपायही थोडा, असा समज अजून सर्वत्र आहे. वस्तुतः विडीचे पान हवा खेळू देत नाही. ती विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि त्याबरोबर डांबर, निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड अधिक प्रमाणात आत जातात. भारतातील मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवरून २००८ मध्ये निष्कर्ष निघाला, की विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी आणि स्त्रीचे ८ वर्षांनी कमी होते. त्याआधी, २००३ मध्ये, तामिळनाडूतील अभ्यासाने दाखवून दिले होते की पुरुषांच्या क्षयरोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांना धूम्रपान कारणीभूत आहे. क्षयाला लागते काय? अर्धपोटी शरीर, दाटीची झोपडी आणि दुबळे फुप्फुस. पहिली दोन या मुलखाला व्यवस्थेने आधीच देऊन ठेवली आहेत. तिसऱ्याची भर विडी घालते.

इतके कळूनही माणूस विडी का सोडत नाही, असा प्रश्न आरोग्य खात्याच्या फलकांना पडत नाही. फलक आज्ञा देतो आणि गप्प होतो. पालन झाले नाही तर दोष अर्थातच माणसाच्या मनोनिग्रहाचा! मात्र कोणाच्याही मदतीवाचून, एकट्याने सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे अवघे तीन ते पाच असतात, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसते. यात शिकलेले आहेत, पगारदार आहेत, डॉक्टरही आहेत. ज्या परीक्षेत शंभरांतील पंच्याण्णव नापास होतात, तेथे विद्यार्थ्यांना नावे ठेवण्यापूर्वी परीक्षेची पद्धत तपासायला हवी.

वावरसारख्या पाड्यावर ही पद्धत तर मुळातच चुकीची आहे, कारण तेथे विडी एकट्याची नसतेच. आवणी उरकून बांधावर बसलेल्या चौघांत एक विडी फिरते. पाहुणा आला की आधी विडी पुढे होते. भांडण मिटले ते विडीने कळते, सोयरिकीचे बोलणेही तिच्यावाचून सुरू होत नाही. काडी एकाची, विडी दुसऱ्याची आणि झुरका तिसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे. अशा ठिकाणी एकाने उठून ‘मी सोडली’ म्हणणे म्हणजे त्या बैठकीतूनच उठून जाण्यासारखे आहे. चार दिवस तो लांब बसतो, पाचव्या दिवशी परत येतो, आणि पुढे आलेली विडी घेतो. तो तंबाखूला शरण गेला असे आपण समजतो. पुष्कळदा तो माणसांकडे परत आलेला असतो.

म्हणून सोडायचे तर बैठकीनेच सोडले पाहिजे. याला आधार केवळ भावनेचा नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९७१ ते २००३ या काळात १२,०६७ माणसांच्या परस्परसंबंधांचा माग ठेवला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले, की मित्राने धूम्रपान सोडले तर माणूस धूम्रपान करीत असण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटते. पतीने वा पत्नीने सोडले तर ६७ टक्क्यांनी. छोट्या कचेरीतील सहकाऱ्याने सोडले तर ३४ टक्क्यांनी. माणसे सुटी सुटी सोडत नव्हती, जोडलेल्या माणसांचे गटच्या गट एकदम सोडत होते. अमेरिकेतील गाव आणि सह्याद्रीतील पाडा यांत अंतर फार आहे, हे खरे. पण संबंधांची वीण पाड्यावर अधिक घट्ट आहे, सैल नाही. दूर जाण्याचेही कारण नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणाने व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनाच नव्याने येणाऱ्यांच्या पाठीशी उभे केले. गडचिरोलीत २०१६ पासून चालू झालेल्या ‘मुक्तिपथ’ने दारू आणि तंबाखू यांचा प्रश्न एकेका माणसाकडून काढून गावाच्या संघटनेपुढे ठेवला.

सोबत्याने करायचे ते काय? काम साधे आहे, पण नेमके आहे. तलफ येते ती लाटेसारखी. काही मिनिटे टिकते आणि ओसरते. पहिले दोन-तीन दिवस लाटा दाट असतात, चिडचिड होते, झोप उडते. दोन ते चार आठवड्यांत शरीर बरेचसे ताळ्यावर येते. त्या काही मिनिटांत शेजारी कोणी असणे, बोलणे, पाणी देणे, चार पावले चालून येणे, एवढ्यावर सारे अवलंबून असते. पाच-सहा जणांनी एक दिवस ठरवून एकदम सोडावी, खिशातील कट्टे आणि काडेपेट्या एकदम बाजूला कराव्यात, आणि संध्याकाळी पूर्वीच्याच जागी पूर्वीप्रमाणेच बसावे. जागा मोडू नये. मोडायची ती विडी. एक सावधगिरी मात्र हवी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे वा लावणारे २४.४ टक्के आढळले. तेव्हा ज्या गटात विडी सुटली आणि चंची आली, तेथे काहीच सुटलेले नाही.

पुन्हा ओढली तर? तशी ती ओढली जाणारच. बहुतेकांची सुटते ती अनेक प्रयत्नांनंतर. येथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे दंड. दंड बसवला की माणूस ओढणे थांबवत नाही, तो आडोसा शोधतो, आणि गटाशी खोटे बोलू लागला की गट त्याच्या उपयोगाचा राहत नाही. दुसरी चूक थट्टेची. मेव्हण्याने मेव्हण्याची टर उडवावी ही रीतच आहे, परंतु पहिल्या महिन्यातील टर फार महाग पडते. घरच्या बाईला पहारेकरी नेमणे हीदेखील पुरुषी सोय आहे. तिच्या मिसरीविषयी तिला कोणी विचारलेले नसते. गट करायचा तर बायकांचाही करावा, आणि त्यांचा त्यांनी.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिथे हा विषय पुन्हा भुकेपाशी येऊन थांबतो. विडी सुटली की मेलेली भूक जागी होते. शहरातील माणसाला त्यामुळे वजन वाढण्याची काळजी लागते. वावरच्या माणसाला ती भूक भागवायला धान्य लागते. आता पंचांग पाहा. पाड्यावरची माणसे सलग एकत्र असतात ती पावसाळ्यात. सोबतीने सोडायला तोच काळ योग्य. पण कणगी रिकामी होते तीही त्याच दिवसांत. नागली, वरई, भात घरात येते तेव्हा पोटाला आधार मिळतो, आणि लगेच भट्टीची उचल घेतलेली माणसे चार दिशांना पांगतात. ज्या दिवसांत सोबत असते त्या दिवसांत दाणे नसतात. दाणे येतात तेव्हा सोबत तुटते. हा पेच कोणताही फलक सोडवू शकत नाही. पावसाळ्यात रेशन वेळेवर आणि पुरेसे मिळणे, खावटी हातात पडणे, रोजगार हमीची मजुरी न थकणे, हे सारे विडी सोडण्याच्या कार्यक्रमाचेच भाग आहेत. पक्षाचे जुने मोर्चे आणि हा नवा विषय यांत विरोध पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

कार्यकर्त्यांना स्वतःकडेही पाहावे लागेल. सभेला माणसे जमवायची तर चहा आणि विडीचा कट्टा, ही रीत अनेक संघटनांनी वर्षानुवर्षे चालवली. पाड्यावर गेलेल्या शिकलेल्या तरुणाने पुढे केलेली विडी घेतली म्हणजे तो आपल्यातला झाला, अशी समजूत दोन्ही बाजूंनी जोपासली गेली. नाकारली तर घरधनी दुखावतो, हे खरेच. मग पाणी मागावे. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे याचे नियम शतकानुशतके चालले, तेथे आदिवासीच्या माठातील पाणी मागून पिणे हे विडीपेक्षा मोठे नाते आहे. आणि जो साथी रात्रभर बैठकीत सिगारेटी ओढतो, त्याने विडीवर भाषण न करता पाड्यावरच्या गटात सातवा म्हणून बसावे. त्याला गटाची गरज कमी नाही.

सरकारचे काय, तर त्याची करणी दोन तोंडांची आहे. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या विडी-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा आणि सिगारेटवरील ४० टक्क्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. गरिबाचा धूर स्वस्त, श्रीमंताचा महाग! यात समता शोधणाऱ्यांनी सोलापूर, सिन्नर, निपाणी येथील विड्या वळणाऱ्या बायांकडे पाहावे. कर उतरला म्हणून हजारामागची त्यांची मजुरी आपोआप चढत नाही. १९७६ च्या कायद्याने त्यांच्या कल्याण निधीसाठी विडीवर उपकर बसवला होता. तो २०१७ मध्ये नवा कर येताना रद्द झाला. विडी सुटावी असे म्हणणाऱ्या पक्षावर या बायांच्या पर्यायी रोजगारासाठी भांडण्याची जबाबदारी दुप्पट येते. विडी कामगार संघटना आणि विडी सोडणारा पाडा यांना समोरासमोर उभे करणे कारखानदाराच्या सोयीचे आहे.

वावरपुरते बोलायचे तर कामाला लागण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, गावात आशा कार्यकर्ती आहे, १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी आहे. मात्र पाड्यावर मोबाइलला रेंज नसेल तर त्याचा उपयोग टेकडीवर चढूनच. पावसाच्या आरंभी गट बसला तर दिवाळीपर्यंत चार-पाच महिने पदरात पडतात. त्यानंतर कोण कोणत्या भट्टीवर जाणार हे पाहून, एकत्र सोडलेल्यांतील निदान दोघे एका भट्टीवर राहतील अशी योजना निघण्यापूर्वीच करावी. भट्टीवर आठवड्याच्या खर्चीत जेथे विडीचे कट्टे मिळतात आणि त्यांचे पैसे मालकाच्या वहीत उचलीच्या खाली मांडले जातात, तेथे मजुराने विडी सोडली तरी वही सोडत नाही. खर्ची रोख मिळावी, वहीत विडी लिहिली जाऊ नये आणि विडीवाचूनही विसाव्याची सुट्टी मिळावी, या तीन मागण्या येत्या हंगामाच्या उचलीची बोलणी होतील तेव्हाच मालकांपुढे ठेवता येतील. बोलणी पावसाळ्यातच होतात. मुकादम पाड्यावर येतो तेव्हा गट तेथे बसलेला असला पाहिजे.