भरतीचं काम कोण करणार?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे बुरोंडीला आत्याकडे गेलो होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दापोली तालुक्यात, लाडघर आणि कोळथऱ्याच्या मधे. पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा मोठा पुतळा आहे तेच गाव.) परत येताना गाडीत नेहमीचा ऐवज होता. कोकमं, सुकट, पोह्याचे पापड. आणि भाचीच्या खाऊच्या डब्यात चार शंख, पैकी चारही चालणारे.

ताई म्हणाली, "परत ठेवून ये." तेव्हा "राहू दे गं, काय होतंय!" असं म्हणणारा महाभाग मीच. मग ताईने शांतपणे सांगितलं, "ठीक आहे, मग ते तुझ्या घरी राहतील." झालं. मासे मेल्यापासून माळ्यावर पडलेली काचेची पेटी खाली आली. त्यात वाळू, काथ्याचा भुगा, किनाऱ्यावरून उचललेलं एक लाकूड, मिठाच्या पाण्याची वाटी आणि काकडीच्या चार फोडी. वरून काचेचं झाकण. भाची खूश, मामा हीरो.

पाचव्या दिवशी ऑफिसातून आलो तर काकडीला पांढरे केस! लाकडावर हिरवट-काळे ठिपके, आणि काच घाम आल्यासारखी ओली. पेटीला बुरशी धरली होती.

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. काहीतरी लाल दिसलं की आधी ते हिरवं करायचं, कारण नंतर बघू. मी वरवरची बुरशी पुसली आणि झोपलो. दोन दिवसांनी दुप्पट आली. मग घरातल्या घरात उपायांची यादी केली, आणि इथेच खरी गंमत सुरू झाली. कारण बुरशी मारणारा प्रत्येक उपाय खेकड्यालाही मारत होता.

पेटी वाळवावी? शंखातल्या खेकड्याचा श्वास कल्ल्यांवर चालतो आणि कल्ले ओले राहिले नाहीत तर तो गुदमरतो. परदेशात पाळीव म्हणून विकतात ते जमिनीवर राहणारे शंखखेकडे असतात, पण त्यांनासुद्धा हवेत साधारण ऐंशी टक्के आर्द्रता लागते. उन्हात ठेवावी? बंद काचेच्या पेटीची भट्टी होते. फिनाईल, ब्लीच? नाव नको. एका नातलगाने तर फोनवर मोरचूद सुचवलं. त्यांची सुपारीची बाग आहे, पावसाळ्यात कोळेरोगावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, त्यामुळे सल्ला तसा अनुभवाचाच. फक्त मोरचुदात तांबं असतं, आणि पाण्यात मिसळलेलं तांबं खेकडे-कोळंबीच्या जातीला थोडंसुद्धा सोसत नाही. माशांच्या औषधाची बाटली घेताना पण हे बघावं लागतं.

शेवटी आत्याला फोन केला. कोकणातल्या बाईइतकं बुरशीचं ज्ञान कुणाला असणार? चार महिने धो धो पाऊस, चपलेपासून देवघरातल्या पोथीपर्यंत सगळ्याला बुरा येतो. ती म्हणाली, "अरे, बुरा पुसून काय होतंय? ओल कुठनं आली ते बघ." पापडाच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं. पण माझ्या पेटीत ओल चुकून आलेली नव्हती, ती मीच घातली होती आणि ती काढता येत नव्हती. ऊब, ओल आणि खायला काहीतरी, बुरशीला हवं तेच खेकड्यालाही हवं. दोघांची रिक्वायरमेंट एकच!

मग प्रश्न पडला की हे सगळं बुरोंडीच्या किनाऱ्यावरही आहेच की. ऊब आहे, ओल आहे, बंदराजवळ मासळीचे तुकडे पडलेले असतात. तिथल्या खडकांमधल्या डबक्यांना बुरशी का धरत नाही? उत्तर शाळेतल्या भूगोलात आहे. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. उरलंसुरलं धुऊन जातं, जे राहतं ते दुसरं कोणीतरी खातं (हे शंखातले खेकडे स्वतःच किनाऱ्याचे सफाई कामगार आहेत), आणि वारा अखंड चालू. म्हणजे पेटीत बुरशी आली याचा अर्थ एवढाच, की भरतीचं काम करायला तिथे कोणी नव्हतं. ते काम माझं होतं, आणि मी ऑफिसला गेलो होतो.

जमिनीवरचे शंखखेकडे पाळणाऱ्यांसाठी ह्या कामाची यादी फार अवघड नाही. उरलेलं अन्न रोज रात्रीच्या रात्री काढायचं. लाकूड आत ठेवण्याआधी उकळून पूर्ण वाळवायचं. दोन्ही वाट्यांमधलं पाणी, गोडं आणि खारं, सारखं बदलायचं, आणि गोडं पाणी क्लोरीन काढलेलंच. आर्द्रता अंदाजाने नाही, मीटर लावून मोजायची. झाकणाला थोडी हवा ठेवायची. बुरशी दिसली तर तेवढी वाळू चमच्याने उचलून टाकायची, अख्खी पेटी उपसायची नाही, कारण कात टाकायला खेकडा वाळूखाली पुरून बसलेला असेल तर त्याला उकरणं म्हणजे मारणंच. काही लोक स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे सोडतात, ते बुरशी खातात. एवढं सगळं रोज, आणि हा प्राणी नीट ठेवला तर तीस वर्षंसुद्धा जगतो. तीस वर्षं! आपल्यापैकी कितीजण एका कंपनीत तीन वर्षं टिकतात?

माझ्या बाबतीत तर ह्याचाही उपयोग नव्हता. कारण आपल्या किनाऱ्यावर खडकांत आणि वाळूत दिसतात ते बहुतेक समुद्रातले. त्यांना ओली वाळू आणि वाटी नाही, समुद्राचं पाणी लागतं. आणि स्वयंपाकघरातलं मीठ ढवळून समुद्र होत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि काय काय असतं. म्हणजे बुरशी हा प्रॉब्लेमच नव्हता. प्रॉब्लेम पेटी होती. मी आठवडाभर चुकीचा बग सोडवत बसलो होतो.

हे कळेपर्यंत एक गेला होता. आधी वाटलं कात टाकतोय, पण वास आला. भाचीला मी सांगितलं. तिने विचारलं, "मामा, बुरशीमुळे?" मी "हो" म्हणू शकलो असतो, सोपं होतं. म्हटलं, "नाही गं. आपल्यामुळे."

शनिवारी पहाटे निघून उरलेले तीन बुरोंडीला नेले, जिथून उचलले होते त्याच डबक्यांत ठेवले. (त्यांच्याबरोबर दुसरा कुठलाच प्राणी ठेवला नव्हता म्हणून हे करता आलं. दुकानातून आणलेला खेकडा असा कुठेही सोडू नये, रोग पसरतात.) चौथ्याचा रिकामा शंखही भाचीने तिथेच ठेवला. वाढणाऱ्या खेकड्याला मोठं घर लागतं आणि ते त्याला स्वतः बांधता येत नाही, हे तिने कुठेतरी वाचलं होतं.

तेव्हा माझं मत विचाराल तर साधं आहे. प्राणी पाळायला माझा विरोध नाही. पण घरी आणण्याआधी पिंजरा केवढा, खाणं काय, हे प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, तो जिथे राहतो तिथे त्याच्यासाठी कोण काय काय फुकट करतंय, आणि आपल्या घरी ते कोण करणार. उत्तर "मी, रोज" असं येत नसेल, तर शंख किनाऱ्यावरच राहू द्या.

पेटी परत माळ्यावर गेली आहे. ह्यावेळी पूर्ण वाळवून.