अठरा ते तीस : तपासणीतून सुटलेली वर्षे

जानेवारी २०२४ मध्ये इंदूरच्या भंवरकुआं भागातील एका कोचिंग क्लासमध्ये १८ वर्षांचा विद्यार्थी शिकवणी चालू असतानाच अस्वस्थ झाला. शेजारी बसलेल्या मुलाने त्याची पाठ चोळली. काही क्षणांतच तो बाकावरून कोसळला आणि रुग्णालयात नेऊनही वाचला नाही. वर्गातील कॅमेऱ्याने टिपलेले हे दृश्य देशभर पाहिले गेले. हळहळ व्यक्त झाली आणि अशा प्रत्येक घटनेनंतर होते तशी चर्चा करोनाच्या लशीकडे वळली.

वास्तविक त्या शंकेचे उत्तर आधीच मिळाले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील, वरकरणी निरोगी व्यक्तींच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. धोका वाढविणाऱ्या बाबी निराळ्याच होत्या : कुटुंबात पूर्वी झालेला आकस्मिक मृत्यू, करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान, अमली पदार्थांचे सेवन आणि अतिश्रमाचा व्यायाम. यातील पहिली बाब तर घरातल्या कोणालाही विचारून कळू शकते. प्रश्न एवढाच, की ती विचारतो कोण?

आपल्या आरोग्य व्यवस्थेची उणीव नेमकी येथे आहे. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत मुलांची तपासणी करतो. रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची सार्वत्रिक तपासणी सुरू होते ती ३० व्या वर्षी. मधल्या बारा वर्षांत तरुण स्वतःहून आरोग्य केंद्रात गेला तर त्याचा रक्तदाब मोजला जाईल. पण त्याला शोधत कोणी येत नाही. नेमक्या याच वर्षांत तो घर सोडतो, खानावळीत जेवतो, अपुरी झोप घेतो आणि छातीत दुखले तर पित्त झाले असे स्वतःच ठरवून टाकतो. सलग आठ वेळा देशातील सर्वांत स्वच्छ ठरलेल्या इंदुरात परगावच्या अशा विद्यार्थ्यांची वस्ती फार मोठी आहे.

या वयाची तपासणी अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. इंदूर विभागातील झाबुआ, अलीराजपूरसारख्या आदिवासी जिल्ह्यांत ही तपासणी होते. ठरविले तर सरकार तरुणांपर्यंत पोहोचते.

सरसकट प्रत्येकाचा ईसीजी काढणे हा मात्र उपाय नव्हे. निरोगी माणसालाही सदोष ठरविण्याचा धोका त्यात असतो आणि खर्चही मोठा. महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी रक्तदाब मोजावा आणि तीन प्रश्न विचारावेत : कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का? धावताना, खेळताना कधी भोवळ आली आहे का? श्रम केल्यावर छातीत दुखते का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर पुढील तपासणी टाळू नये. स्तनात किंवा वृषणात जाणवणारी गाठ, तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळलेला खोकला, कारणाविना घटणारे वजन ही लक्षणेही तरुणांनी स्वतः ओळखायला हवीत. त्यांचा अर्थ दरवेळी गंभीर आजार असा नसतो. परंतु तो ठरविण्याचे काम डॉक्टरांचे आहे.

दुसरी गरज आहे ती शेजारच्या बाकावरील मुलाला शिकविण्याची. कोसळलेली व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि तिचा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला कळवून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे लागते. मदत येईपर्यंतची ती मिनिटे निर्णायक असतात.

गोव्याने २०१८ पासून ‘स्टेमी’ प्रकल्पाद्वारे आरोग्य केंद्रे गोमेकॉशी जोडून हृदयविकाराच्या झटक्यावर त्वरित उपचारांची सोय केली, ही अभिमानाची गोष्ट. परंतु ती व्यवस्था रुग्ण केंद्रापर्यंत पोहोचल्यानंतरची आहे. आपल्या महाविद्यालयांत वरील तीन प्रश्न अजून विचारले जात नसतील आणि छातीवर दाब देण्याचे शिक्षण मिळत नसेल, तर इंदूरच्या त्या वर्गात आणि पणजी-मडगावच्या वर्गात फारसा फरक नाही. नव्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेश अर्जाला आरोग्याचे एक पान जोडणे आरोग्य आणि शिक्षण खात्यांना अवघड नाही. त्यासाठी आपल्याकडील एखादा विद्यार्थी कोसळण्याची वाट पाहू नये.