फेल गेलेल्या बोरची नोंद कुठंय?

मागच्या उन्हाळ्यात मी बोर मारला. 340 फूट. वर आली ती नुसती धूळ. बैलजोडी विकून आणलेला पैसा फुटाफुटानं जमिनीत गेला. गाडीवाला हिशोब घेऊन निघून गेला. पंधरा दिवसांनी बांधावरचा शेजारी म्हणतो, "दादा, माझा पण तिथंच फेल गेला होता. लोक हसतील म्हणून बोललो नाही." दोन्ही बोरमध्ये शंभर पावलांचं अंतर!

आता नवापूरच्या पलीकडं गुजरातमध्ये बघा. अंकलेश्वरला 1960 मध्ये तेल लागलं. तेलवाल्यांना नियमांप्रमाणं आधी सरकारची परवानगी लागते. मग किती खोल गेले, कुठं कोणता दगड लागला, काय सापडलं, हे सरकारला कळवावं लागतं. विहीर कोरडी निघाली तरी तिची माहिती जपून ठेवतात. पुढची कुठं खोदू नये, हे तीच सांगते.

आणि आपण? नारळ फिरवून जागा धरतो.

आपला खडक काळा. पाणी मिळतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. मध्येच काळ्या दगडाची उभी भिंत आडवी आली तर अलीकडं पाणी, पलीकडं धूळ. अशा जमिनीत शेजारच्या बोरचा अनुभव हाच खरा नकाशा. तोच आपण माती टाकून बुजवतो.

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात बोरगाडीची नोंदणी आहे, 60 मीटरच्या खाली, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली, जायला बंधन आहे. मीही ते मोडलं, कबूल करतो. उघड्या बोरमध्ये लेकरं पडून मेली म्हणून सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये सांगितलं: बोर घेण्याआधी 15 दिवस लेखी कळवा, फेल गेलेला बुजवा, चालू किती आणि बंद किती याची गाववार नोंद जिल्ह्याला ठेवा. खेड्यात सरपंच आणि कृषी खात्याच्या माणसानं लक्ष ठेवायचं. तुमच्या ग्रामपंचायतीत विचारा, ही वही दाखवा म्हणून.

काही जण म्हणतील, नोंद केली की उद्या कर लागेल, वीज तोडतील. भीती खोटी नाही. पण न नोंदवून कोणाचं भलं झालं? फुटावर पैसे घेणाऱ्याचं. त्याला पाणी लागो न लागो, त्याचे फूट भरले.

म्हणून माझ्यापासून सुरुवात करतो. खोली 340 फूट, पाणी शून्य, तोंड दगड-मातीनं वरपर्यंत बुजवलंय. तुम्ही पण लिहा: गाव, खोली, केसिंग किती, पाणी किती फुटावर, मे महिन्यात किती टिकलं. फेल गेला असेल तर आधी लिहा. लाज वाटायचं कारण नाही. तुमच्या एका ओळीनं दुसऱ्याची बैलजोडी वाचेल.